आवडतं माणूस

सासूबाई चालत्या झाल्या नाहीत तर लकव्याचा दुसरा झटका येईल, ही धास्ती कल्पिताच्या मनात घर करून बसली होती.

"समोर त्यांचं आवडतं माणूस उभं करा," फिजिओ मॅडम म्हणाल्या.

कल्पिताने आपल्या चार वर्षांच्या तनिष्काला उभं केलं. पोरगी हात पसरून "आजी, ये ना!" करत राहिली.

"पाय उचलत नाय गो," सासूबाई कण्हल्या.

इतक्यात कळव्याहून मोठ्या जावेचा विकी दारात आला.

"आला गो माझा वाघ!" म्हणत सासूबाई काठी टेकत निघाल्या, त्या थेट दारापर्यंत. वाटेत तनिष्का तशीच हात पसरून उभी होती, तिला वळसा घालून.

मॅडमनी टाळ्या वाजवल्या. "वा आजी, वळलातसुद्धा! वळणं सगळ्यात अवघड असतं. कल्पिता, उद्यापासून हिला रोज अशीच वाटेत उभी करा."