कावळ्याला दिलेला शब्द

तेराव्याचं जेवण उरकताच नीळकंठने जिलबीचे चिकट हात न धुताच आईचा ड्राइव्ह टीव्हीला लावला. आई जाण्याआधी तिच्या सगळ्या आठवणी हॉस्पिटलने त्यात उतरवून दिल्या होत्या. टीव्हीला तो वाचता येईना.

"नवा फॉरमॅट आहे, दादा," बहीण चारुलता म्हणाली. "तो हॉस्पिटलच्याच यंत्रावर उघडतो. तिथे जाऊन आईपाशी बसावं लागतं."

"कोण जातंय तिथवर? जुना करून टाकू. टीव्हीवर चालेल, गाडीतही चालेल."

"जुन्यात मोठी फाइल बसत नाही. तिच्या लांबलचक आठवणी कायमच्या पुसल्या जातील."

"लांबलचक ऐकायला वेळ कोणाला आहे?" धाकटा शिरीष ढेकर देत म्हणाला.

नीळकंठने बटण दाबलं. थोड्या वेळाने पडद्यावर आई आली.

"जेवलास का रे?"

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

"आई," चारुलताने विचारलं, "बाबा अंथरुणाला खिळले होते, ती वर्षं कशी काढलीस गं?"

आई गोड हसली. "जेवलीस का गं?"



"केवढी जागा मोकळी झाली बघ!" नीळकंठ खुशीत म्हणाला. "आता यात गाणीपण भरता येतील."

दहाव्याला घाटावर कावळा पिंडाला शिवत नव्हता. तेव्हा याच नीळकंठने हात जोडून सांगितलं होतं, "आई, तुझं सगळं जपून ठेवू."

आणि तो मूर्ख कावळा लगेच शिवला होता.