चुलीतलं मांजर

केशरबाई खापर घेऊन मंजुळाबाईच्या दारात आली तेव्हा उन्हं अजून पिंपळाच्या शेंड्यावरच होती.

"मंजुळे, इस्तव दे गं माय. माझा राखंतच मेला."

गावाला हे रोजचं होतं. केशरबाईची चूल काही तगत नाही, म्हणून बाया पाणवठ्यावर हसायच्या. रोज नवं दार, हातात तेच खापर. पण विस्तव मागता मागता तिला घरं दिसायची. कुणाचं लेकरू रात्रभर फणफणलं, कुठली बाळंतीण अन्नाला शिवत नाही, कुठल्या घरात नवरा-बायकोचं बोलणं तुटलं. तिच्या चुलीत विस्तव असायचाच. ते फक्त तिच्या घरधन्याला, आप्पाला, ठाऊक होतं.

मंजुळाबाई दारातून सरली नाही. कडेवर तान्हं पोर होतं. विस्तव आत्ताच विझला, मामी, असं ती म्हणाली. केशरबाईनं तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. चुलीत मांजर निजलं होतं. गार राखेत, पाय पोटाशी घेऊन, गाढ.

तालुकदाराच्या दौऱ्यात ओझी वाहायला मंजुळाबाईच्या नवऱ्याला, रामहरीला, वेठीला धरून नेलं होतं. गेला तो अजून आला नव्हता. मागं एकदा केशरबाईनं सुपातून जोंधळे धाडले, तर सूप जसंच्या तसं माघारी आलं होतं. वर मंजुळाबाईचा निरोप, आमी अजून मागून खायला लागलो न्हाई.

भिंतीशी थोरली पोर उभी होती, बायना. वेणी घट्ट घातलेली, काखेत गाठोडं.

"ही कुठं चालली नटून?"

मंजुळाबाईनं मान वळवून सांगितलं. युसूफमियाची गाडी सीताफळं घेऊन धारूरला निघालीय. तिथं एका वकिलाच्या घरी पाळणा हलवायला पोरगी पाहिजे. दोन्ही वक्ताला खायला देतील.

बायना पायाच्या अंगठ्यानं भुई उकरत होती. अजून तिचे दुधाचे दात पडायचे होते.

केशरबाईनं खापर या हातातून त्या हातात घेतलं. जोंधळ्याचं नाव काढलं तर ही दार लावून घेईल. मग तिच्या तोंडून भलतंच निघालं.

"तुझी चूल मोकळी हाय तर मला भाकरी करू दे, मंजुळे. माझी मोडलीय. पीठ मी आणते, सरपण मी आणते."

मंजुळाबाईनं डोळे बारीक केले. दुसऱ्याच्या चुलीवर भाकरी थापल्या की पहिली चवड त्या घरच्या लेकरांची, ही रीत तिलाही ठाऊक होती. रीत म्हणजे काही भीक नव्हे.

"मघाशी तर इस्तव मेला म्हणलीस."

"मोडल्या चुलीत कसा जगंल?"

"कवा मोडली?"

"काल सांजच्याला. आप्पाचा पाय लागला."

"मग मी लिंपून देते," मंजुळाबाई म्हणाली. "माती भिजवून आलेच मी. फुकट कुणाचं घेत न्हाई."

केशरबाई निघाली ती पदर सावरायलाही थांबली नाही.

घरी चूल धडधडत होती. आंघोळीचं पाणी तापलं होतं आणि आप्पा पुढ्यात हात शेकत बसला होता. तिनं हंडा उतरवला. चुलीच्या कपाळावरचं सकाळचं हळदकुंकू अजून ओलं होतं. तिनं चुलीला हात लावून कपाळाला लावला, मुसळ उचललं आणि चुलीवर घातलं.

"आगं, येड लागलं का तुला? काय करायलीस?"

"काल सांजच्याला तुमचा पाय लागला. ध्यानात ठेवा."

आप्पा आपल्या पायांकडं बघत राहिला.

"कोंचा?"

"जो दुखतोय तो."

तिनं लाकडं ओढून विझवली, निखाऱ्यांवर मातीची ढेकळं लोटली, तोवर दारात सावली आली. मंजुळाबाईच्या डोक्यावर मातीची पाटी, कडेवर तान्हं, मागं गाठोड्यासकट बायना. आप्पा उठला आणि लंगडत बाजूला झाला. भिंतीपर्यंत उजव्या पायानं लंगडला, बसताना डावा चोळायला लागला.

मंजुळाबाईनं पोर केशरबाईच्या मांडीवर दिलं आणि चुलीपुढं बसली. मोडलेलं ढेकूळ तिनं बाजूला सारलं. खाली निखारे लालबुंद होते. धग तिच्या तोंडावर आली.

गल्लीच्या तोंडाशी घुंगरं वाजली, गाडी थांबली. युसूफमियानं हाक दिली, "मंजुळाबाई, पोरगी तयार हाय का? ऊन चढायलंय."

मंजुळाबाई निखाऱ्यांकडं बघत होती. केशरबाईच्या मांडीवरच्या पोरानं तिचा पदर तोंडात घालून चोखायला सुरुवात केली होती.

"मामी," मंजुळाबाई खालच्या मानेनंच म्हणाली, "चूल वाळायला लई दिस लागतेत न्हाई?"

"थर जाड लाव, बाई. मला घाई न्हाई."

मंजुळाबाईनं खापर ओढलं. चिमटा शेजारीच होता, तरी बोटांनीच एकेक निखारा उचलून तिनं खापरात ठेवला, वर राख पसरली. मग बायनाच्या काखेतलं गाठोडं काढून घेतलं आणि खापर तिच्या दोन्ही हातांत दिलं.

"घरी जा. आदी चुलीतलं मांजर उठव, मग इस्तव ठेव."

बायना निघाली. बैलांच्या पुढून, युसूफमियाच्या पुढून, खापरावर हळू फुंकर घालत.