बागेतली पारख

दातांची डॉक्टर फाटकापाशी वेळेवर उभी होती. बाईंनी मनातल्या मनात पहिले पाच गुण देऊन टाकले.

छत्तीस वर्षं शाळा चालवलेल्या बाईंना माणूस ओळखायला बागेची एक फेरी पुरे होती. सकाळी मुलगा म्हणाला होता, "आई, आमच्या दवाखान्यातली डॉक्टर आज तुझ्याबरोबर फिरायला येतेय. मोकळेपणानं बोल." तिशी उलटलेल्या मुलानं एवढं म्हटल्यावर बाईंनी पुढचं विचारलंच नाही.

दोघी गुलाबांच्या वाफ्यांमधून निघाल्या.

"घरी कोण कोण?" बाईंनी सुरुवात केली.

"मी आणि बाबा. आईला जाऊन सात वर्षं झाली." मग तिनं विचारलं, "तुम्ही रोज चालता?"

"चार फेऱ्या. गुडघे अजून शाबूत आहेत."

पोरीला सासूच्या गुडघ्यांची आत्तापासून काळजी. आणखी पाच गुण.

"बडबड्या माणसाचा कंटाळा येतो का तुम्हाला?"

"जन्म शाळेत गेला माझा. शांतताच सोसत नाही."

मुलगी खुदकन हसली. बडबडी तर ती मुळीच वाटत नव्हती.

पुढे खलाशांचं स्मारक होतं. वादळात बुडालेल्या बोटीवरच्या एकोणीस जणांची नावं दगडात कोरलेली होती. मुलीनं घाई न करता सगळी वाचली. बाईंना ते आवडलं.

"घरात एकटं वाटतं का हो?" तिथंच उभ्या उभ्या तिनं विचारलं.

नवरा गेल्याला अकरा वर्षं झाली होती. हे कुणीच कधी विचारलं नव्हतं.

"संध्याकाळी वाटतं," बाई म्हणाल्या आणि स्वतःच चपापल्या. "हातून दोन कप चहा होतो. एक ओतून द्यावा लागतो."

मुलीनं त्यांचा हात हातात घेतला. तळ्याकाठच्या बाकावर टेकेपर्यंत बाईंचा निकाल तयार होता.

"हे बघ, मी आडपडदा ठेवत नाही. माझा होकार आहे."

"नक्की? तुमच्या मुलानं सगळं नीट सांगितलंय ना?"

"न सांगताच कळलं मला. आणि दिलेला शब्द मी फिरवत नाही."

मुलीचे डोळे भरून आले. तिनं लगेच फोन काढला. मुलालाच कळवतेय, हे बाईंनी ताडलं आणि समाधानानं तळ्याकडे बघत बसल्या.

"बाबा," मुलगी फोनवर म्हणाली, "या आता आत. मला आई पसंत आहे, आणि त्यांचाही होकार आहे."