एकशेबारावं पान

ऋजुता प्रवेश परीक्षेसाठी वहिनीच्या जुन्या पुस्तकातून इंग्रजी व्याकरणाचा सराव करत होती. वहिनीने पेन्सिलने लिहिलेली उत्तरं खोडरबराने पुसायची आणि मग स्वतः सोडवायचं, असा तिचा रोजचा क्रम. वहिनीचं एकही उत्तर चुकलेलं नव्हतं.

एकशेबाराव्या पानावर, अर्ध्यातच पेन्सिल थांबली होती. पुढच्या सगळ्या गाळलेल्या जागा रिकाम्याच.

"वहिनी, एवढं छान येत होतं, मग परीक्षा का नाही दिलीत? आळशीच हं तुम्ही!" ऋजुता हसली.

मेथी निवडणाऱ्या वहिनीने मान वर केली नाही.

"तिथवर आले आणि आईने हाक मारली, साडी नेस म्हणून. तुम्ही सगळे मला बघायला आला होतात ना त्या दिवशी. पोहे तर तू दोनदा मागून घेतलेस."