नव्वद दिवस

फोनचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतली सगळी मूळ यंत्रणा, कंपनी कुलूपबंद करून देते. ते कुलूप काढायला सौरवला दोन दिवस लागले. रविवारी सकाळी बेसा भागातल्या फ्लॅटच्या बाल्कनीत बसून तो सिस्टीमचं एकेक फोल्डर उघडून पाहत होता. पुसलेली कॉल रेकॉर्डिंगं बाबांच्या फोनमध्ये कुठे शिल्लक राहतात का, एवढंच त्याला शोधायचं होतं.

रेकॉर्डिंगं आईची, रंभाबाईंची होती. तिच्या वर्षश्राद्धाला कौशल्यामावशी आली, तेव्हा तिला बहिणीचा आवाज ऐकवावा म्हणून सौरवच्या वडिलांनी, गोपाळरावांनी, आपला फोन काढला. यादी रिकामी निघाली. खापरखेड्याच्या वीज केंद्रात तीस वर्षं कंट्रोल रूम सांभाळलेला माणूस पाहुण्यांच्या घोळक्यात त्या स्क्रीनवर बोट फिरवत राहिला.

"समजत नाही तं हात काहून लावता बाबा?" सौरव सगळ्यांदेखत बोलला होता. "पुसून टाकलं ना आईले."

दाबल्या गेलं असंन काही, एवढंच गोपाळराव म्हणाले. त्या दिवसापासून त्यांनी फोनला हात लावणं सोडलं. वाजला, की सुनेला, मयुराला, हाक मारून उचलायला सांगायचे.

रेकॉर्डरच्या सेटिंगची फाइल सापडली. त्यात एक ओळ होती. रेकॉर्डिंग नव्वद दिवस ठेवायचं, त्याहून जुनं आपोआप काढून टाकायचं. सौरवने आधीच्या आवृत्तीतली तीच फाइल काढली. तिथे नव्वदच्या जागी शून्य होतं, म्हणजे काहीच पुसायचं नाही.

नवीन आवृत्ती त्यानेच टाकली होती. गोपाळराव तेव्हा म्हणाले होते, चांगला चालू आहे, राहू दे. त्याने त्यांच्या हातातून फोन घेतला आणि 'अपडेट'वर बोट ठेवलं.

सौरवने लॅपटॉप मिटला. हे कोणाला कळण्यासारखं नव्हतं. बाबा काही सिस्टीमच्या फाइली उघडून पाहणार नव्हते. बराच वेळ तो मिटलेल्या लॅपटॉपवर हात ठेवून बसला. मग उठला.

गोपाळराव हॉलमध्ये पेपरवर मेथी निवडत बसले होते. सौरव त्यांच्यासमोर खाली बसला आणि त्याने सगळं सांगितलं. अपडेट कोणी केलं, त्यात काय होतं, आणि आवाज आता कुठेच उरलेला नाही, हेही.

गोपाळरावांच्या हातातली काडी तशीच राहिली.

"म्हणजे मी नाही पुसलं तिले?"

"नाही बाबा. मी पुसलं."

सौरवने मान वर केली नाही. आता बाबा रागावतील, रागवायलाच पाहिजे, म्हणून तो वाट पाहत होता. स्वयंपाकघरातून मयुराने मेथी झाली का म्हणून विचारलं. गोपाळरावांनी त्या दाराकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणला.

"मयुराले नको सांगू गा," ते म्हणाले. "तिच्यासमोर तुले कसंतरी वाटंन."