गूळ
पोलीस ॲक्शननंतर औरंगाबादच्या कोर्टात उभा राहिलेला सूर्यभान हा धनगरवाडीचा पहिला वकील. काळा कोट खुंटीला टांगून, बापाची घोंगडी खांद्यावर टाकून तो जग धुंडाळायला निघाला, तेव्हा वाडीनं कपाळाला हात लावला. निरोपाला आई स्टेशनवर आलीच नाही. तेवढा एक काटा वाळवंटात, बर्फात, वर्षानुवर्षं त्याच्या काळजात सलत राहिला. आज सत्काराला शहर लोटलं होतं. अध्यक्ष गरजले, “ज्या घराण्यानं कधी वेस ओलांडली नाही, त्यातला हा जगज्जेता!” पहिल्या रांगेतून म्हातारी आई ताडकन उठली. “खोटं हाय, सायेब! आमच्या सात पिढ्या मेंढरामागं मुलूखभर हिंडल्या. ह्यो वकील होऊन खुर्चीत बसला, तवा मी लई रडले.” मग लेकाकडं वळून म्हणाली, “ठेसनावर कशी येणार रं? तू उठून चालाया लागला, म्हणून वाडीभर गूळ वाटत व्हते!”