श्रीमंत रकान्यातली आई

वैद्यकीय महाविद्यालयातल्या सरांचा उत्पन्नाचा तक्ता तीस वर्षांपूर्वीचा. अमुक उत्पन्न म्हणजे गरीब, तमुक म्हणजे श्रीमंत. मधल्या काळात महागाई गगनाला भिडली, पण तक्त्यातला एकही आकडा जागचा हलला नव्हता. त्यामुळे वस्तीतली कुपोषित मुलं तपासून आलेल्या त्यांच्या विद्यार्थिनीच्या यादीत धुणीभांडी करणाऱ्या आयासुद्धा 'श्रीमंत' रकान्यात जाऊन बसल्या.

"सर, आकडे तरी आजच्या भावाने वाढवू या ना," ती चाचरत म्हणाली.

"तक्त्याला हात लावायचा नाही! माझ्या नावाचा आहे तो," सर कडाडले. "सरळ लिही, घरात सुबत्ता असूनही या आया मुलांकडे दुर्लक्ष करतात. त्यांना समुपदेशनाची गरज आहे."

तिने तसंच लिहिलं. समुपदेशनाला पहिली आई आली ती सरांच्याच विभागाची फरशी पुसणारी मावशी, कडेवर काडी झालेलं पोर घेऊन.

"मावशी, सदा पैशाच्या मागे काय धावता? पोराला जरा वेळ देत जा," सर कळवळून म्हणाले.

"आणि हो," लगेच त्यांनी बजावलं, "उद्या दोन तास लवकर या. याच विषयावर माझं भाषण आहे, हॉल चकाचक हवा."